कुळाची जमीन आणि तळ्याकाठचा गुंठा

(भोर तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, किंचित संक्षेपाने.)

जमिनीचे वाढते भाव आणि आपला तालुका, असा विषय आपण मला दिला आहे. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला असा विषय दिला म्हणजे तो फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढू लागेल, अशी धास्ती काहींना वाटली असेल. इथे फळा नाही हे एका परीने बरेच झाले. शिवाय या विषयावर बोलण्यापूर्वी मला एक कबुली द्यावयाची आहे आणि ती दिल्याशिवाय पुढचे काही बोलण्याचा मला अधिकार नाही.

२०१६ साली मी आणि माझे तीन सहकारी अशा चौघांनी मिळून भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या काठी एक एकर जमीन विकत घेतली. 'फुगवटा' हा शब्द आता कोणी वापरत नाही. सगळे 'बॅकवॉटर' म्हणतात, जाहिरातीतही तसेच छापतात. शेतजमीन घ्यावयाची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. सातारा जिल्ह्यातील एका सात-बारावर वडिलोपार्जित म्हणून माझे नाव आहे, त्यामुळे कायद्याने मी शेतकरी ठरतो. उभ्या आयुष्यात मी नांगराला हात लावलेला नाही. पण खरेदीखत झाले, फेरफार मंजूर झाला, चौघांची नावे सात-बारावर चढली आणि निवृत्तीनंतर पाण्याकाठी एक लहानसे घर बांधण्याचे स्वप्न आम्ही रंगवू लागलो.

ज्यांची जमीन आम्ही घेतली ते गृहस्थ तेव्हा साठीच्या पुढचे होते. मी त्यांना काका म्हणतो. गावाचे आणि त्यांचे नाव सांगत नाही. खरेदीनंतरच्या पहिल्याच जूनमध्ये त्यांचा निरोप आला : "सर, खाचर मोकळेच पडणार असेल तर यंदा भात लावू का?" मी अर्थातच होय म्हणालो. ज्याने आमचा सौदा जुळवला होता त्या एजंटाच्या कानावर हे गेले तेव्हा तो घाईघाईने मला भेटावयास आला आणि म्हणाला, "लावू द्या सर, पण लिहून काही देऊ नका. उद्या कूळ लागेल."

साथींनो, मी तीस वर्षे वर्गात कूळकायदा शिकवला. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा कळला.

त्या पावसाळ्यानंतर काकांच्या घरी गेलो असता त्यांनी माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खाली काढली. तीत त्यांच्या वडिलांच्या नावाच्या पावत्या होत्या. १ एप्रिल १९५७ या दिवशी, ज्याला आपण कृषकदिन म्हणतो, या राज्यातील लक्षावधी कुळे कायद्याने कसत्या जमिनीची मालक झाली. काकांचे वडील त्यांपैकी एक. खरेदीची किंमत आकाराच्या वीसपट ते दोनशेपट यांच्या दरम्यान ठरवावयाची आणि ती वार्षिक हप्त्यांनी फेडावयाची, अशी ती व्यवस्था होती. त्यांच्या वडिलांनी वर्षानुवर्षे मुंबईत हमाली करून ते हप्ते फेडले. शेवटच्या हप्त्यानंतर मिळालेले खरेदीचे प्रमाणपत्रही त्याच पेटीत होते, चार घड्या घातलेले आणि घडीवर फाटलेले.

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. ज्या कुळाने मालकाकडून जमीन मिळवली त्याचा मुलगा त्याच खाचरात आज तोंडी परवानगीने भात लावतो आहे. त्याचे नाव कोणत्याही पीकपाहणीत नाही. आणि परवानगी देणारा, पुण्यात राहणारा, शेती न करणारा मालक म्हणजे मी. समाजवादी विचारांची पुस्तके घरात बाळगणारा मी! १९५७ पूर्वीचा मालक निदान खंड तरी घेत असे आणि त्यामुळे कूळ कागदावर येत असे. मी खंड घेत नाही, म्हणून काका कागदावरही नाहीत.

हे एकट्या काकांचे दुःख असते तर ते मी या व्यासपीठावर आणले नसते. भोर आणि वेल्हे (ज्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे) या दोन्ही तालुक्यांत, रस्त्याकाठी आणि पाण्याकाठी, हीच गोष्ट खाचराखाचरांतून घडते आहे. जमीन सुधारणेच्या कायद्याने जे खेड्यात आणून ठेवले ते कोणताही मोर्चा न निघता, कोणतीही घोषणा न होता परत जात आहे.

हे कसे घडते ते पाहू. त्यासाठी आधी पाण्याकडे वळले पाहिजे, कारण या जमिनीच्या भावाचे मूळ पाण्यात आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने नीरेच्या डाव्या कालव्यासाठी वेळवंडी नदीवर भाटघर येथे पहिले धरण बांधले. त्याचे नाव लेक व्हायटिंग. ते अपुरे पडले म्हणून त्याच्याच खालच्या अंगाला मोठे धरण उभे राहिले व १९२८ साली पूर्ण झाले. लॉइड गव्हर्नरांचे नाव त्याला दिले गेले. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे, कारण येसाजी भुतोंडे खोऱ्यातले. मुलूख भोर संस्थानचा, बुडालेली खाचरे वेळवंड-भुतोंड्याची आणि भिजलेली जमीन बारामती, इंदापूर, पुढे फलटण, माळशिरसची. त्या पाण्यावर ऊस झाला, साखर कारखाने झाले, शिक्षणसंस्था झाल्या, राजकारण झाले. मी त्या भागातील शेतकऱ्याच्या कष्टाला कमी लेखत नाही. पण वरच्या खोऱ्यातील माणूस मुंबईच्या गोदीत आणि पुण्याच्या बाजारात ओझी वाहत राहिला, हे त्याच कालव्याचे दुसरे टोक आहे.

आणि हे एका भाटघरपुरते नाही. भाटघर सुमारे साडेतेवीस टीएमसी. नीरा देवघर साडेअकराच्या वर. वेल्ह्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी. या दोन तालुक्यांतील पाच धरणे मिळून साठ टीएमसीहून अधिक पाणी अडवतात. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा या राज्यात १९७६ साली आला. भाटघरात ज्यांची घरे बुडाली त्यांच्या नातवंडांच्या हयातीत. धरणे उशाला आणि उन्हाळ्यात टँकरची वाट, हा या डोंगरपट्ट्याचा अनुभव मला आपल्याला सांगावयाला नको. धरण खाली गेले की कांबरेश्वराचे बुडालेले देऊळ वर येते, तेव्हा पुण्याहून मोटारी भरून माणसे ते पाहावयास येतात. त्याच दिवसांत वरच्या वाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन उतरत असतात. मोटारीतल्या माणसाला त्या दिसत नाहीत असे नाही. तो त्यांचेही छायाचित्र काढतो.

शंभर वर्षे ज्या पाण्याने या खोऱ्याला काही दिले नाही, त्या पाण्याने आता एक गोष्ट दिली : काठच्या जमिनीला भाव. त्यात महामार्गाचा भाव मिसळला, कापूरहोळ-नसरापूरपर्यंत सरकत आलेल्या पुण्याचा भाव मिसळला. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन होऊन या तालुक्यांचा काही भाग त्याच्या हद्दीत गेला. वर्तुळाकार महामार्गाचा पश्चिम भाग भोर तालुक्यात वरवे बुद्रुकपाशी येऊन मिळणार हे नकाशावर उमटले. रिकार्डोने १८१७ साली जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला वर्गात कधी देता आले नव्हते. काठच्या खाचराचा भाव वाढला तो ना काकांच्या श्रमाने, ना माझ्या, ना एजंटाच्या. धरण करदात्याचे, रस्ता करदात्याचा, बुडालेली घरे पूर्वजांची. म्हणजे ही वाढ समाजाने निर्माण केली. मग ती कोणाच्या खिशात जाते?

येथे मी एक हिशोब मांडतो. आकडे काल्पनिक आहेत, रीत खरी आहे. जमीन शेतकऱ्याकडून घेतली जाते एकरात, विकली जाते गुंठ्यात आणि तिची जाहिरात होते चौरस फुटात. समजा, शेतकऱ्याला एकरी दहा लाख मिळाले. एकराचे चाळीस गुंठे. रस्ते व मोकळी जागा सोडून अठ्ठावीस उरले. गुंठा दोन लाखांना गेला तर छप्पन्न लाख झाले. मुरूम, तारेचे कुंपण, कमान, वकील, दलाली आणि ज्याचा हिशोब कुठे लिहिला जात नाही तो खर्च मिळून सोळा लाख धरा. तरी तीस लाख उरतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा जाहिरातीत दर येतो सुमारे १८४ रुपये चौरस फूट, आणि पुण्यात सदनिकेचे हप्ते भरणाऱ्याला तो स्वस्त वाटतो. काकांना त्याच मापाने मिळाले तेवीस रुपये. पण काकांना कोणी चौरस फुटात भाव सांगितलाच नव्हता. एकराचा मोठा आकडा ऐकून ते दबून गेले होते.

या व्यवहाराला कायद्याची वाट कशी मोकळी झाली हेही समजून घेतले पाहिजे. कुळाला मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येऊ नये, अशी अट मूळ कायद्यात होती. ती जाचक होती, तिच्यामुळे गरजू माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवी आणि कचेरीत काय घडे ते आपण जाणता. २०१४ साली ती अट सैल झाली. खरेदीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असली की आकाराच्या चाळीसपट रक्कम भरून जमीन विकता येऊ लागली. आकार तीन रुपये असेल तर चाळीसपट म्हणजे एकशेवीस रुपये! दोन पिढ्यांच्या झगड्यातून आलेल्या बंधनाची ही किंमत. मी त्या सुधारणेला सरसकट विरोध करीत नाही. शेतकऱ्याला आपली जमीन तारण ठेवता यावी, अडचणीत विकता यावी, हे मान्य. पण बंधन काढताना पहिला हक्क गावातल्या भूमिहीनाचा, सहकारी संस्थेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठेवता आला असता. तो कोणालाच सुचला नाही, आपल्यालाही नाही.

तुकडेबंदीचे तसेच. १९४७ चा कायदा शेती किफायतशीर राहावी म्हणून झाला. २०२३ साली जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत वीस गुंठ्यांवर व बागायतीचे दहावर आले आणि २०२५ साली नागरी व नियोजन प्राधिकरणांच्या क्षेत्रांतील जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करून देण्याची तरतूद झाली. यात ज्या हमालाने किंवा घरकाम करणाऱ्या बाईने पोटाला चिमटा घेऊन गुंठाभर जागेवर दोन खोल्या बांधल्या तिला दिलासा मिळाला असेल तर मला आनंदच आहे. परंतु राहण्यासाठी गुंठा आणि फिरावयास येण्यासाठी गुंठा यांत कायदा भेद करीत नाही, आणि आपल्या तालुक्यात दुसराच अधिक.

विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. 'शेतकऱ्यांनो, जमिनी विकू नका' असे फलक आपण लावतो; लावावेत. पण एक एकर भातावर घर चालत नाही हे फलक लावणाऱ्यालाही ठाऊक असते. काकांनी विकली ती पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी. उरलेल्यातून मुलाला टेम्पो घेतला, घराला स्लॅब घातला, धाकट्या मुलीचे लग्न केले. तीन वर्षांत पैसे संपले. टेम्पो आहे, हप्ताही आहे.

या विक्रीत बहिणींचे काय होते हेही पाहा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तो हक्क प्रत्यक्षात जागा होतो तो सौद्याच्या दिवशी, कारण घेणाऱ्याच्या वकिलाला तिची सही हवी असते. एरवी ती माहेरी येते साडीचोळीपुरती. सौद्याच्या दिवशी भाऊ मोटार पाठवतो. काही ठिकाणी बहिणींनी हक्कसोडपत्र न देता वाटा मागितला, त्यावरून भाऊबीज बंद झाली. मी भावांना बोल लावतो, पण जमीन असेपर्यंत जे नाते टिकले ते जमीन पैशात बदलताच का तुटले, याचाही विचार झाला पाहिजे.

आणि गाव? गावात नवी घरे आली म्हणजे वस्ती वाढली असे वाटते. ही वस्ती शनिवार-रविवारची. त्या घरांतील मुले गावच्या शाळेत नाहीत, म्हणून पट घसरतो आणि शाळा बंद होण्याच्या गोष्टी निघतात. मालक ग्रामसभेला येत नाहीत. मतदार तर नाहीतच. कूपनलिका मात्र खोल जातात. पाण्याकडे गुरे नेण्याची जुनी वाट कुंपणात अडते. वहिवाट असली तरी ती नकाशावर नसते, आणि तहसीलदारांपुढे दावा लावावयास गुराख्याजवळ ना वेळ ना पैसा. उन्हाळ्यात धरण उतरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन ही धरणग्रस्ताची उरलीसुरली आशा. तिच्यावरही आता तंबू आणि होड्यांची नजर आहे. भोर शहरात जा. राजवाड्याच्या आसपासचे जुने वाडे उतरताहेत, त्यांच्या जागी गाळे उभे राहताहेत, आणि गाळ्यांवर पाट्या आहेत 'जमीन खरेदी-विक्री सल्लागार' अशा. बारावी झालेल्या मुलाला या तालुक्यात दुसरा कोणता धंदा उघडा आहे? दोन्ही बाजूंकडून दलाली मिळते, अंगावर पांढरे कपडे येतात, आणि तोच मुलगा पुढे पंचायत समितीला उभा राहतो. स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमा करा, पण आपल्या कार्यकर्त्यांतही असे आहेत. सकाळी जमीन बचावाच्या बैठकीत आणि दुपारी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत साक्षीदार. माणसे वाईट नाहीत. दुसरे काम नाही.

शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला तेव्हा समोर कंपनी होती, सरकार होते, भूसंपादनाची नोटीस होती. आज नोटीस नाही. जमीन संमतीने जाते, सही-अंगठ्याने, फोटो काढून. मग सत्याग्रह कोणाविरुद्ध करावयाचा? आपल्या चळवळीची पंचाईत इथे आहे आणि ती ओळखल्याशिवाय नुसत्या घोषणांनी काही होणार नाही.

मोठ्या भांडवलाचा प्रयोगही आपण पाहिला आहे. मुळशी व वेल्हे तालुक्यांतील अठरा गावे २००१ साली गिरिस्थानासाठी अधिसूचित झाली आणि वरसगावच्या फुगवट्यावर लवासा उभे राहू लागले. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, पुढच्या वर्षी अटींवर परवानगी मिळाली, आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, अशा खेळात डाव फसला तर धनको रांगेत उभे राहतात, सदनिकाधारक रांगेत उभे राहतात. ज्याची जमीन गेली त्याला रांगच नसते. त्याचा व्यवहार पूर्ण झालेला असतो.

मग जमीन विकूच नये काय? दुसरी वाट नाही काय? दोन उदाहरणे देतो, दोन्ही अपुरी आहेत हे आधीच सांगून. पुण्याच्या हडपसरजवळ मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली आणि विकून मोकळे होण्याऐवजी नगर उभारणाऱ्या कंपनीचे भागधारक झाली. भाववाढ त्यांच्याकडेच राहिली. पण ती शहरालगतची बागायत होती, बरीचशी एका आडनावाची माणसे होती, आणि त्या शेतांवर राबणाऱ्या मजुराला भाग मिळाला नाही. दुसरे उदाहरण गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाचे. तेथील लोकांनी २०१३ साली महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन आपली जमीन ग्रामसभेच्या स्वाधीन केली. जमीन कसणाऱ्याकडेच राहिली, गावाबाहेर विकण्याचा मार्ग मात्र बंद झाला. विनोबांच्या चळवळीला आपल्यातील अनेकांनी त्या काळी नाके मुरडली होती. तिच्यामागे उरलेला कायदा आजही पुस्तकात आहे. मात्र मेंढ्याला तळ्याचा काठ आणि चौरस फुटाचा भाव नव्हता.

आपल्याला यांच्यामधली वाट शोधावी लागेल. माझी सूचना भाडेपट्ट्याची आहे. पाण्याकाठी राहावयास येणाऱ्याला जमीन हवी असते की मुक्काम हवा असतो? बहुतेकांना मुक्काम. तर गावातील पाच-दहा खातेदारांनी सहकारी संस्था करावी, जमीन आपल्या नावावर ठेवावी, परवानगी रीतसर घ्यावी आणि राहण्याची सोय भाड्याने द्यावी. दर दहा वर्षांनी भाडे नव्याने ठरले की वाढलेला भाव गावाला मिळत राहील. यात कष्ट आहेत, भांडवल लागते, जिल्हा बँकेच्या दारात उभे राहावे लागते, आणि भाऊबंदकी ही तर आपली जुनी व्याधी आहे. पहिल्या दोन संस्था बुडतीलही. परंतु एकदा खरेदीखत झाले की पुढच्या भाववाढीवर गावाचा काडीचा अधिकार उरत नाही, हे प्रत्येक वाडीवर जाऊन वर केलेल्या हिशोबासारखे आकड्यांत सांगता येईल. विकणाऱ्याला निदान चौरस फुटाचा भाव कळू द्या. एवढ्यानेही सौद्याचा तोल थोडा बदलेल.

आता माझ्या एकराविषयी आपण विचाराल, आणि विचारलेच पाहिजे. माझा अविभक्त चौथा हिस्सा मी घेतलेल्याच किमतीला, हप्त्यांनी, काकांना परत देऊ केला आहे. काका तयार आहेत. माझे तीन सहकारी तयार नाहीत. त्यांचे म्हणणे असे की मूळ मालकाचे नाव पुन्हा सात-बारावर आले तर पुढे बिगरशेती करताना त्याची सही लागेल. ते खरेच आहे. मला तेच हवे आहे. आमची चर्चा गेली दोन वर्षे चालू आहे, आणि जुनी मैत्री आता चहापुरती उरली आहे. दरम्यान दर आषाढात काका भात लावतात. गेल्या वर्षी मी त्यांना कसण्याबद्दल लिहून देतो म्हणालो, तर तेच नको म्हणाले : "राहू द्या सर, बाकीचे तिघे रागावतील."

पुढील अभ्यासवर्ग पावसाळ्यानंतर आहे. तोपर्यंत प्रत्येकाने आपापल्या गावाचे एक काम करावे. सात-बारा आता संगणकावर पाहता येतो, फेरफारही दिसतात. २०१४ पासून आजपर्यंत गावातील किती गट बाहेरच्यांच्या नावे झाले, त्यांतील किती मुळात कूळकायद्याने मिळालेले होते, आणि त्यांवर आज प्रत्यक्ष कोण राबते आहे, एवढे तीन रकाने वहीत भरून आणा. तिसरा रकाना संगणकावर मिळणार नाही. त्यासाठी बांधावर जावे लागेल. माझ्या गटाची नोंद मी भरून आणली आहे, ती येथे ठेवतो.